खालून तिसरी

भिंतीवरचे आकडे एकमेकांवर खणकले आणि पहाटेची शांतता मोडली.

ती धाकट्याला कुशीत घेऊन पाजत पडली होती. डोळे मिटलेले होते, पण पाजणाऱ्या आईचे कान काही मिटत नाहीत. मांडणीशेजारी खिळ्याला टांगलेले ते दोन आकडे, म्हणजे टोकाशी वाकवलेल्या जाड लोखंडी सळया, एकाच कामासाठी खाली उतरत. पाणथळाच्या तोंडाशी बसवलेल्या फळ्या उचलायच्या असल्या तरच.

"एवढ्या लवकर?" तिनं न वळताच विचारलं.

"काल ऑफिसचा फोन आला होता. पाणी तिसरीवर आणायचंय." नवऱ्याचा आवाज दाराशी पोचला होता. "तू झोप अजून थोडी."

कडी लागली, पावलं गेली. सात वर्षांच्या संसारात तो तिला 'झोप' असं कधी म्हणाला नव्हता. हे तिच्या लक्षात आलं, नाही असं नाही. पण पाजताना डोक्यात धुकंच असतं. आलेला विचार तसाच विरून गेला. धाकटा तिचे मानेवरचे केस मुठीत धरून चुटूचुटू ओढत राहिला.

दोन खोल्यांचं ते घर पाणथळाच्या काठावरच होतं. घर फाटकाचं. ज्याच्या हातात फाटक, त्याचं घर. फाटक म्हणायचं आपलं. खरं तर सिमेंटच्या दोन खांबांमध्ये खाचा होत्या आणि त्या खाचांत एकावर एक सात फळ्या. प्रत्येक फळी वीतभर. फळी घातली की मागचं पाणी वीतभर चढायचं, काढली की वीतभर उतरायचं. उतरलेलं पाणी पलीकडच्या चरात पडून निघून जायचं, ते कायमचं. वरचा ओढा या दिवसांत सुतळीएवढा होतो.

तीन वर्षांपूर्वी इथं काही नव्हतं. म्हणजे त्याच्याही आधी होतं, पण कोणीतरी चर खणून पाणथळ वाळवलं, नांगरलं, चार वर्षं पीक घेतलं आणि पाचव्या वर्षी जमिनीनं अंगावर मीठ आणलं. पांढरंफटक रान. मग ऑफिसची माणसं आली, चराचं तोंड बांधलं, फळ्या बसवल्या आणि राखायला आबांच्या मुलाला ठेवलं. आबा म्हणजे तिचे सासरे. चाळीस वर्षं कालव्याच्या फळ्या उचललेला माणूस. नोकरी मुलाच्या नावावर असली तरी फाटकाची अक्कल आबांची, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पहिल्या हिवाळ्यात अकरा बदकं उतरली. भांडी घासता घासता तिनंच ती पहिल्यांदा पाहिली आणि राखेच्या हाताची बोटं मोडून मोजली. पक्षीबाईंनी तो आकडा आपल्या वहीत लिहून घेतला. ऑफिसच्या या चष्मेवाल्या बाईंना सगळे पक्षीबाईच म्हणत. गेल्या हिवाळ्यात तीनशेच्या वर आली. त्याच गलक्यात धाकटा जन्मला. सुईण म्हणाली होती, "ओरड हवी तेवढी, बये. बाहेर कोणाला ऐकू जायचं नाही." घरात त्या पाखरांना 'पाहुणे' म्हणत. दूर उत्तरेकडून, कुठून कुठून येत. यंदाही यायची वेळ झाली होती. ते यायच्या आत पाणी जरा खाली हवं, म्हणजे त्यांना डोकं बुडवून तळातली मुळं गाठता येतात. जरा खाली, आणि हळूहळू. आज एक फळी, दोन दिवसांनी दुसरी.

तिनं उठून चूल पेटवली. पलीकडच्या खोलीत आबा दोन दिवसांच्या तापानं निपचित पडले होते, मध्यरात्रीनंतर कुठं त्यांचा डोळा लागला होता, तो अजून उघडला नव्हता. त्यांच्याच खोलीत झोपलेली सहा वर्षांची थोरली मुलगी उठली ती बडबडतच. तिनं तिला गप्प केलं, तोंड धुवायला पिटाळलं, पातेलं ठेवलं आणि मग तिचा हात थांबला.

पाण्याचा आवाज.

हा आवाज तिला आता कळत होता. एक फळी निघाली की पाणी कुजबुजतं, दोन निघाल्या की भांडतं. हे भांडण नव्हतं. हे पाणी मोकाट सुटलं होतं.

"धाकट्याजवळ बस. हलू नकोस," ती मुलीला म्हणाली आणि अनवाणीच धावली.

काठावर चार फळ्या पडल्या होत्या. काळ्या, शेवाळलेल्या, अजून निथळणाऱ्या. नवरा उकिडवा बसला होता.

"चार?"

"तिसरीवर आणा म्हणाले."

"वरून तिसरी!"

"फोनवर नुसतं तिसरी म्हणाले."

या मोजणीचं एक भांडणच होतं, तीन वर्षं जुनं. आबांचा हिशेब सरळ, जी आधी बसते ती पहिली. म्हणजे सगळ्यांत खालची. पक्षीबाई म्हणायच्या, खालच्या तर पाण्यात असतात, जी दिसत नाही तिला नंबर कसा द्यायचा? वरची पहिली. आबा म्हणाले होते, "बाई, तुम्ही घराचे मजले गच्चीकडून मोजता का?" पक्षीबाई इतक्या हसल्या की चष्मा नाकावरून घसरला. पण ठरलं ते बाईंचं. ऑफिसची मोजणी वरून. वरून तिसरी म्हणजे दोन फळ्या काढायच्या. खालून तिसरी म्हणजे चार.

"तीन वर्षं आबांना दटावतंय कोण?" ती म्हणाली. "वरून, आबा, वरून! कोणाचा आवाज आहे हा?"

तो आकड्याच्या टोकानं चिखलात रेघा ओढत राहिला. "होते चूक माणसाची."

"चूक दुसऱ्या फळीशी थांबते. चौथी काढायला किती जोर लागतो, मला माहितीये. आणि सगळ्या एका दमात?"

त्याची मान पलीकडच्या काठाकडे वळली आणि लगेच परत फिरली. तिनं तिकडे पाहिलं.

पलीकडे थोरल्या दिरांचं रान होतं, बटाट्याचं. पाणी चढलं की खालून ओल धरणारं. परवा संध्याकाळी दीर येऊन गेले होते. उंबऱ्यावरच बसले, आत आले नाहीत. मुठीतला बटाटा त्यांनी धाकट्या भावाच्या तळहातावर ठेवला. त्यानं दाबला तर बोटांमधून पाणी आलं. "एवढी एकच सरी अशी आहे," दीर म्हणाले होते. "आठवड्यानं सगळं रान असं होईल." त्यांनी मागितलं काहीच नाही. तीच पंचाईत. मागितलं असतं तर नाही म्हणता आलं असतं. ज्या भावानं शाळेत खांद्यावरून नेलं, चिखलात स्वतःच्या वहाणा काढून याच्या पायात घातल्या, त्याला न मागितलेल्या गोष्टीचं 'नाही' कसं सांगणार?

आता दीर खोऱ्यावर हात टेकून पाणी जाताना बघत उभे होते.

"अगं, कशाला त्याला बोलतेस?" त्यांनी पलीकडून हाक घातली. "पाणीच ते. येईल परत."

"कुठून येईल, भाऊजी? वर ओढ्यात आहे काय?"

"पाखरांना पंख आहेत. जातील दुसरीकडं." ते जरा थांबले. "माझ्या बटाट्यांना कुठले पंख?"

बटाटा तिनंही पाहिला होता.

पण पाणी चाललं होतं. काठच्या लव्हाळ्याच्या बुंध्यांवर ओलीची रेघ वर राहिली होती आणि पाणी तिच्यापासून हातभर खाली गेलं होतं. उघडा पडलेला चिखल चकाकत होता. त्यात एक मासा तडफडून उताणा होत होता. दोन दिवसांनी पाखरांच्या मोजणीला मोठे लोक येणार होते. पाणथळ पुढं राखायचं की नाही आणि राखायचं तर कोणाच्या हाती, हे ते ठरवणार होते. चिखल बघून काय ठरवतील, ते सांगायला ज्योतिषी नको.

तिनं कपडे गुडघ्याच्या वर खोचले, एक फळी उचलली आणि पाण्यात उतरली.

सुकी असती तर उचलली असती तिनं एका हातानं. पाणी प्यालेली फळी म्हणजे मेलेलं जनावर. एक टोक खाचेत गेलं, दुसरं जायच्या आत पाण्यानं फळी हिसकली. ती फिरली आणि कड तिच्या गुडघ्यावर बसली. डोळ्यांपुढं काजवे चमकले. पुन्हा उचलली. या वेळी तिरपी अडकली, ना वर ना खाली.

"हात मोडून घेशील!" नवरा ओरडला.

"मग ये ना आत!"

तो उठला. उभा राहिला. पाण्याकडे बघितलं, पलीकडे बघितलं. आणि तसाच उभा राहिला.

"आधी पाण्याचा जोर मोडा, गाढवांनो!"

काठावर आबा होते. अंगाभोवती गोधडी, पाय उघडे, दात वाजत होते. पाण्याच्या आवाजानं जाग आली असणार. चाळीस वर्षं ज्या आवाजाला उठले, तो आवाज ताप थोडाच बघतो? त्यांनी खांबांमधली चार फळ्यांची मोकळी जागा डोळ्यांनी मोजली, पाण्यातली सून पाहिली, उभा मुलगा पाहिला.

"लव्हाळं काप. मोळी बांध. खांबाच्या पुढं आडवी टाक. उभा काय राहिलास, फोटो काढायचाय?"

बापाच्या आवाजानं मुलगा हलला. विळा आला, मोळ्या पडल्या. दोन, तीन, चार. पाण्याचं तोंड तुंबलं, जरा नरमलं.

"आता फळी. दोघं दोन टोकांना. बसली खाचेत? आता वर उभे राहा आणि नाचा."

"नाचू?"

"लग्नात नाचला नाहीस, आता नाच!"

ते दोघं त्या वीतभर फळीच्या काठावर समोरासमोर उभे राहिले. पडू नये म्हणून एकमेकांचे खांदे धरले. आणि टाचा आपटायला लागले. प्रत्येक दणक्याला फळी बोटभर खाली जायची. त्याचा श्वास तिच्या तोंडावर येत होता. एवढ्या जवळून, एवढ्या उजेडात तिनं त्याला किती दिवसांत पाहिलं नव्हतं. तो मात्र तिच्या कानामागं कुठंतरी बघत होता. तिच्या मनात आलं, विचारावं आत्ता, याच जागी, खांदे सुटायच्या आत. पण विचारलं आणि तो खरं बोलला तर?

घरातून धाकट्याचं रडणं आलं. तिची छाती सकाळपासून भरून आली होती. आवाजाबरोबर दूध आपोआप पाझरलं. ओल्या कपड्यांत कोणाला काय कळणार? ती टाचा आपटत राहिली.

ऊन डोक्यावर यायच्या आधी दोन फळ्या बसल्या. बाहेर उरल्या दोन. आकडा बरोबर झाला, पाणी मात्र गेलं ते गेलं. खालून पाचव्या फळीच्या वरच्या कडेपर्यंत असायला हवं होतं, ते दीड वीत खाली लागलं होतं.

आबांनी मुलाला एकच विचारलं. "काय सांगितलं होतं ऑफिसनं?"

"तिसरी."

"कुठून?"

मुलगा नखातला चिखल काढत राहिला. आबांनी पलीकडे पाहिलं. थोरला खोरं खांद्यावर टाकून पाठमोरा चालला होता. मग समोरच्या या मुलाकडे पाहिलं. बराच वेळ. मुलानं घरी न्यायला हात पुढं केला, तेव्हा आबांनी तो घेतला नाही. सुनेचा खांदा धरला. त्यांचा तळहात कापडातूनही चटका देत होता.

पक्षीबाई दुपार कलताना आल्या. स्कूटर लावली, गमबूट चढवले, गळ्यात दुर्बीण, आणि "काय म्हणतात पाहुणे?" असं नेहमीसारखं विचारत फाटकापाशी गेल्या. खांबावरच्या पाण्याच्या मोजपट्टीकडे पाहून त्यांचे शब्द थांबले. त्या वाकल्या, पट्टीवरचा चिखल अंगठ्यानं पुसला, पुन्हा पाहिलं.

त्याच वेळी वरून शिट्टीसारखा बारीक आवाज आला.

चाळीसेक असतील. छोटी बदकं, झपाझप पंख मारत आली, एकदम सगळी एका अंगावर वळली तेव्हा पोटं पांढरी चमकली. पहिली फेरी. दुसरी फेरी, खाली. पुढच्या दहा-बाराजणांनी पाय पुढं ताणले, पंख उलटे धरले. ती दाराशी धाकट्याला छातीशी धरून बघत होती. गेल्या वर्षी जिथं उतरली होती, तिथं आता चिखल होता. पायांना पाणी लागायच्या ऐवजी चिखल लागणार, हे त्यांना वरूनच कळलं असावं. ताणलेले पाय परत पोटाशी गेले. थवा उठला. तिसरी फेरी मोठी मारली, आणि झाडांच्या रांगेवरून दक्षिणेकडे लहान लहान होत गेला.

पक्षीबाईंनी दुर्बीण खाली घेतली. काचा पुसल्या. काही झालंच नव्हतं काचांना.

"किती काढल्या?" त्यांनी विचारलं.

"चार," नवरा म्हणाला. "दोन परत घातल्या."

"ऑफिसनं तिसरी सांगितली होती."

"हो."

"मग चार कोणी मोजल्या?" बाईंचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच भीती वाटत होती. "परवा लोक येतायत. त्यांना मी काय दाखवू? आणि फाटक तुमच्याकडे ठेवायचं की नाही, हे मला लिहून द्यावं लागणार आहे. मला खरं काय ते हवंय."

नवऱ्यानं दाराकडे, तिच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांपुढं दोन खोल्या उभ्या राहिल्या. मांडणी, धाकट्याची टांगलेली झोळी, दारावर थोरलीची उंची दाखवणाऱ्या कोळशाच्या खुणा. बोल, तिला वाटलं. आणि लगेच वाटलं, नको बोलूस.

"मी मोजल्या."

आबा दारात येऊन चौकटीला टेकले होते. "मी सांगितलं त्याला. विचारायला आला होता, कुठून तिसरी म्हणून. तापात होतो, डोकं ठिकाणावर नव्हतं. म्हणालो, खालून. जन्माची सवय, बाई. तुम्हाला तर माहितीच आहे माझं."

नवऱ्यानं तोंड उघडलं. "आबा..."

"तू गप्प. मोठी माणसं बोलताना मधे तोंड घालू नये."

तेहतीस वर्षांचा बाप्या, दोन पोरांचा बाप, गप्प बसला.

पक्षीबाईंनी एकेकाकडे पाहिलं. आबांकडे, त्याच्याकडे, मग तिच्याकडे. तिच्यावर त्यांची नजर जरा जास्त थांबली. तिनं धाकट्याच्या डोक्यावरचे केस नीट केले. ते नीटच होते.

"मला असं लिहायला आवडत नाही, आबा," बाई शेवटी म्हणाल्या.

"लिहा हो. अक्षर तेवढं चांगलं काढा, भिंतीला लावू."

बाईंनी वहीतलं पान फाडलं आणि लिहिलं. चुकीची मोजणी आबांनी सांगितली. यापुढे ते फळ्यांच्या कामात लक्ष घालणार नाहीत. फाटकाकडे जाणार नाहीत. वाचून दाखवलं. 'जाणार नाहीत' म्हणताना त्या अडखळल्या. आबांनी पेन घेतलं. हात इतका कापत होता की कागद गुडघ्यावर ठरेना. बाईंना तो दोन्ही हातांनी दाबून धरावा लागला. शाईत बुडून सरपटलेल्या किड्यासारखी सही उमटली. कालव्याच्या चार साहेबांनी ज्या माणसाला विचारल्याशिवाय फळी हलवली नव्हती, त्यानं पेनाचं टोपण नीट लावून परत दिलं.

"अजून येतील थवे," बाई निघताना म्हणाल्या, कोणाला ते कळलं नाही. "मधला खोलगट भाग भरलेला आहे. शंभर जरी उतरले तरी मी बोलू शकेन परवा." मग त्या थोरलीपाशी वाकल्या. ही पोर त्यांची लाडकी. "सकाळी येते मी मोजायला. येशील ना माझ्याबरोबर? तुझे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत."

थोरलीनं मान डोलावली.

उन्हं उतरली. नवऱ्यानं ताट घेतलं आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला. घास मोडून तसेच ताटात ठेवत होता. ती आबांसाठी पेज घेऊन गेली तर ते भिंतीकडे तोंड करून पडलेले. "ठेव," म्हणाले. ती ठेवून उभी राहिली. काहीतरी बोलायला हवं होतं. आबांचे पाय गोधडीबाहेर होते, टाचांच्या भेगांत पाणथळाचा काळा चिखल सुकला होता. तिनं ओलं फडकं आणून ते पाय पुसले. आबांनी पाय मागं घेतले नाहीत, पण वळलेही नाहीत.

मग तिनं थोरलीला चुलीशी बसवलं आणि तेच फडकं पिळून तिचे पाय पुसायला घेतले. मुलगी एरवी गुदगुल्या होतात म्हणून खिदळायची. आज निमूट पाय पुढं करून बसली होती. दाराबाहेर नवऱ्याचं ताट पायरीवर घासलं, आणि थांबलं.

"आई."

"हं."

"बाई सकाळी येणारेत ना? मी आणि त्या दोघीच जाणार ना पार तिकडं?"

"हो."

मुलीनं आबांच्या खोलीकडे पाहिलं, मग दाराकडे, आणि आवाज अगदी बारीक केला.

"मला विचारलं त्यांनी, तर मी काय सांगू? आबा झोपले होते म्हणून सांगू, की आबांनी सांगितलं म्हणून सांगू?"